तरवड ऊर्फ आवळ : बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

नवरात्र जवळ आले की पिवळ्या फुलांचे फोटो येऊ लागतात आणि खाली एकच ओळ असते: हे काय आहे? बडोदे आणि आसपासच्या मराठी मंडळींनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. ज्यांची तरवडाशी आधीच ओळख आहे, त्यांनी थेट सातव्या प्रश्नापासून वाचायला हरकत नाही.

१. तरवड हे झाड आहे की झुडूप?

झुडूप. बुंध्याजवळून अनेक फांद्या फुटलेले, बारमाही हिरवे, बहुधा माणसाच्या उंचीएवढे किंवा त्याहून थोडे जास्त. कोणी तोडले नाही आणि जमीन बरी मिळाली तर ते लहान झाडाएवढेही होते, पण रस्त्याकडेला तसे क्वचितच दिसते. साल तपकिरी, पाने संयुक्त, फुले झळझळीत पिवळी, शेंगा चपट्या. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. कूळ शिंबीवंतांचे, म्हणजे तूर, हरभरा, बाभूळ आणि चिंच ज्या कुळात येतात तेच.

२. शेजारच्या काकी याला ‘आवळ’ म्हणतात. आवळ्याचा काही संबंध?

काहीही नाही. आवळ हे तरवडाचे गुजराती नाव. आवळ्याचे कूळ वेगळे, फूल वेगळे, फळ तर पूर्णच वेगळे. सोलापूरची आत्या ‘तरवड’ म्हणते आणि बडोद्याची काकी ‘आवळ’ म्हणते, तेव्हा दोघी एकाच झुडपाबद्दल बोलत असतात. खरा घोटाळा ‘मींढी आवळ’ या नावामुळे होतो. त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

३. फूल नसतानाही ओळखता येईल अशी एकच खूण सांगा.

पानाच्या देठाच्या बुडाशी बघा. तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद, हिरवी उपपर्णे असतात. बहुतेक झाडांची उपपर्णे बारीक असतात आणि लवकर गळून पडतात. तरवडाची मात्र मोठी असतात आणि पानाबरोबर टिकून राहतात. शास्त्रीय नावातल्या ‘ऑरिक्युलाटा’चा अर्थही ‘कान असलेला’ असाच आहे. ही खूण एकदा लक्षात राहिली की चालत्या स्कूटरवरूनही तरवड ओळखता येतो (स्कूटर चालवणाऱ्याने हा प्रयोग करू नये).

दुसरी खूण जवळून पाहायची. पानात पर्णिकांच्या (संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या) साधारण ८ ते १२ जोड्या असतात आणि मधल्या दांडीवर जोड्यांच्या दरम्यान एकेक बारीक, उभी ग्रंथी असते. ती बोटाला लागते, भिंग असेल तर स्पष्ट दिसते. पर्णिकेचे टोक बोथट आणि त्यावर केसासारखा छोटा काटा, पण टोचत नाही.

४. टाकळा, कासविंदा, बहावा... पिवळी फुले तर सगळ्यांनाच. गोंधळ होतो.

होणारच, कारण यांतली बरीचशी एकमेकांची भावकी आहे. टाकळा ही पावसाळ्यात उगवून दिवाळीच्या सुमारास वाळणारी वर्षायू वनस्पती. पर्णिकांच्या तीनच जोड्या, शेंगा लांब नि काडीसारख्या बारीक, पान चुरगळले की उग्र वास. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्या, आणि ग्रंथी एकच, तीही देठाच्या अगदी बुडाशी. दोघांनाही ते पाळीसारखे कान नसतात, म्हणजे तिसऱ्या प्रश्नातली पहिली खूण इथे पुरते.

बहावा हा सरळ वृक्ष. उन्हाळ्यात त्याची पिवळी झुंबरे खाली लोंबतात आणि शेंग लांब, काळपट, दांडक्यासारखी गोल असते. रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेला, उंच, फांद्यांच्या टोकांवर पिवळे उभे तुरे येणारा वृक्ष बहुधा कासोद असतो. तोही सेना वंशातलाच, पण वृक्ष.

फोटोंमध्ये सर्वाधिक येतो तो मात्र टेकोमा. बंगल्यांच्या कुंपणावरची पिवळी, घंटेसारखी फुले त्याची. तो या कुळातलाच नाही, अमेरिकेतून आलेला बागेतला पाहुणा आहे. तरवडाच्या पाच पाकळ्या सुट्या असतात आणि एकेक उचलून वेगळी करता येते, टेकोमाची घंटा एकसंध असते.

५. बडोद्याजवळ कुठे बघायला मिळेल?

कमाटीबागेत शोधू नका. ज्या जमिनीला आपण ‘पडीक’ म्हणतो, तिथे जा. माही नदीच्या काठची कोतरे हे त्याचे अस्सल घर. पावसाने कापून काढलेले मातीचे उभे कडे, वर खुरटे गवत, मध्ये बोर, बाभूळ, केर नावाचे काटेरी झुडूप आणि त्यांच्यात पिवळा तरवड. सिंधरोटच्या बाजूला गेलात तर फार चालावे लागणार नाही. विश्वामित्रीच्या काठालाही, जिथे अजून बांधकामाचा राडारोडा पडलेला नाही तिथे, तो दिसतो. रेल्वेमार्गाचे भराव, शेतांचे बांध, पावागडाच्या पायथ्याची दगडाळ माळरानेही बघा.

या सगळ्या ठिकाणांत समान काय आहे ते पाहिले की वनस्पती कळते. भरपूर ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि गर्दीचा अभाव. जांबुघोड्याच्या सागाच्या दाट जंगलात आत शिरलात तर तरवड मिळणार नाही, जंगलाच्या कडेला, उघड्या जागेत मिळेल. सावली त्याला सोसत नाही. जमीन मात्र जवळपास कसलीही चालते. मुरमाड, रेताड, थोडी खारट, समुद्राजवळचीसुद्धा. आपल्याकडची गोराडू, म्हणजे रेतीमिश्रित, माती त्याला छान मानवते. डभोई-करजणकडच्या काळ्या कानम जमिनीत तो येतो, पण बांधावर येतो, पाणी तुंबणाऱ्या सखल भागात येत नाही. कारण प्रश्न १४ मध्ये.

६. हे विलायती तण तर नाही ना? गांडा बावळसारखे?

नाही. गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, अमेरिकेतून आली. तरवड इथलाच. भारताचा कोरडा पट्टा आणि श्रीलंका ही त्याची मायभूमी. राजस्थान-गुजरातपासून दख्खनमार्गे तमिळनाडूपर्यंत तो आपोआप वाढतो. तेलंगणात त्याला तंगेडू म्हणतात, तो तिथला राज्यपुष्प आहे आणि बतुकम्मा सणाच्या फुलांच्या उतरंडीत त्याला मान असतो. तमिळमध्ये तो आवारम. श्रीलंकेत रणवरा, आणि तिथे त्याच्या फुलांचा चहासारखा काढा करतात.

पडीक जागी भरपूर वाढतो म्हणून त्याला तण म्हणणे मला पटत नाही. जमीन पडीक केली आपण, तो फक्त तिथे टिकला.

७. फुले नक्की केव्हा येतात?

थोडीफार वर्षभर. खरा बहर पाऊस ओसरल्यावर, साधारण नवरात्रापासून डिसेंबरपर्यंत. भर उन्हाळ्यातही एखादे झुडूप फुललेले दिसले तर नवल नाही.

८. तरवडाच्या फुलात मध नसतो असे वाचले. मग भुंगे कशाला येतात?

परागांसाठी. मध नसतो हे खरे आहे. तरवड पाहुण्यांना परागच खाऊ घालतो, आणि तेही सहजासहजी नाही.

एक फूल हातात घ्या. पुंकेसर दहा आहेत, पण सारखे नाहीत. वरचे तीन लहान नि वांझ. मधले चार मध्यम आकाराचे, ते पाहुण्यांच्या जेवणाचे. खालचे तीन सर्वांत लांब आणि बाकदार, त्यांतले पराग झाडाच्या स्वतःच्या कामाचे. बहुतेक फुलांचे परागकोश पिकले की उभे चिरतात आणि पराग उघडे पडतात. तरवडाचे परागकोश चिरत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रे असतात. आतला माल बाहेर काढायचा तर कोश हलवायला हवा.

लाकूड पोखरून घर करणारा तो मोठा काळा भुंगा हे काम जाणतो. तो पुंकेसरांना मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू जोरात थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग छिद्रातून उडतात. कान देऊन ऐका. उडतानाचा आवाज वेगळा आणि फुलावर बसल्यावरचा, अचानक चढणारा आवाज वेगळा. पोटावर निळसर पट्टे असलेल्या छोट्या, पोळे न करता एकट्या राहणाऱ्या मधमाश्याही हेच करतात. भुंगा मधल्या चार पुंकेसरांवर काम करत असतो तेव्हा खालच्या लांब पुंकेसरांचे पराग त्याच्या अंगावर अशा ठिकाणी पडतात की तिथून त्याला ते सहज झाडता येत नाहीत. तेच पुढच्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकाला, लागतात.

आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती येते, पाकळ्यांवर सांडलेले पराग गोळा करते आणि जाते. तरवडाला तिचा उपयोग कमीच.

९. काही फुलांत मधला बाकदार दांडा डावीकडे वळलेला, काहींत उजवीकडे. रोग आहे का?

रोग नाही, आणि नजर मात्र चांगली आहे तुमची. तो दांडा म्हणजे कुक्षीवृंत, ज्याच्या टोकाला पराग स्वीकारणारी कुक्षी असते. सेना वंशात एकाच झाडावर डाव्या वळणाची आणि उजव्या वळणाची अशी दोन्ही फुले येतात. कुक्षी एका बाजूला वळली की पराग देणारा लांब पुंकेसर दुसऱ्या बाजूला येतो. त्यामुळे डाव्या फुलात भुंग्याच्या ज्या कुशीला पराग लागतात, ती कूस उजव्या फुलात बरोबर कुक्षीला घासते. एकाच फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडण्याची शक्यता यामुळे घटते. मुलांना घेऊन गेलात तर डावी किती नि उजवी किती हे मोजायला लावा, अर्धा तास शांततेत जातो.

१०. वाटाण्याच्या कुळातला म्हणता, पण फूल वाटाण्यासारखे कुठे आहे?

कूळ शेंगेवरून ठरते, फुलाचे आकार कुळात अनेक. वाटाणा, पळस, गोकर्ण यांचे फूल पतंगाकृती. बाभळीचे गोंड्यासारखे. तरवडाच्या पाच पाकळ्या जवळपास सारख्या, पसरलेल्या, कडांना किंचित चुण्या पडलेल्या.

जुन्या पाठ्यपुस्तकांत या कुळाची तीन उपकुळे असत आणि दसऱ्याचा आपटा व तरवड एकाच उपकुळात बसत. २०१७ मध्ये जगभरच्या शिंबीवंत-अभ्यासकांनी मिळून सहा उपकुळे केली. त्यात आपटा-कांचन एकीकडे गेले, चिंच दुसरीकडे, आणि बाभूळ-लाजाळू तरवडाच्या घरात आले. कॉलेजात शिकलेले वेगळे आठवत असेल तर ते तेव्हा बरोबरच होते.

११. कॅसिया ऑरिक्युलाटा बरोबर की सेना ऑरिक्युलाटा?

आज सेना. लिनीअसने १७५३ मध्ये त्याला कॅसियात घातले होते. नंतर रॉक्सबर्गने सेनात नेले, पण ते फार कोणी मानले नाही आणि कॅसिया हा शेकडो जातींचा अवाढव्य वंश होऊन बसला. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नेबी यांनी त्याचे तीन तुकडे केले, तेव्हा रॉक्सबर्गचे नाव पुन्हा चलनात आले. बहावा कॅसियातच राहिला. त्याचे खालचे तीन पुंकेसर लांब, दुहेरी बाक घेतलेले असतात, तसा दुहेरी बाक तरवडात नसतो. आयुर्वेदिक ग्रंथांत आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवर अजून कॅसियाच दिसते. दोन्ही नावांची वनस्पती एकच.

१२. शिंबीवर्गीय आहे, म्हणजे मुळांवर गाठी असतील आणि जमिनीला नत्र मिळेल, नाही का?

इथेच बहुतेक जण फसतात. सेना वंशातल्या जातींच्या मुळांवर सहसा नत्राच्या गाठी नसतात. भुईमूग उपटल्यावर दिसतात तशा गाठी तरवडात शोधू नका. तरीही शेतकरी त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून गाडत आले आहेत आणि ते चुकीचे नाही: पाला कुजला की सेंद्रिय पदार्थ मिळतोच, खोल मुळे उताराची माती धरून ठेवतात. फक्त ‘कडधान्यासारखे नत्र भरेल’ या हिशोबाने युरियाची मात्रा कमी करू नका.

१३. गुरे-शेळ्या खातात का? कुंपणाला लावायचा विचार आहे.

गुरे सहसा तोंड लावत नाहीत. पाला-सालीत टॅनिन भरपूर, चव तुरट. म्हणूनच जास्त चराई झालेल्या गायरानात गवत संपते आणि तरवड उरतो. कुंपणाला या अर्थाने चांगला, पण काटे नसल्यामुळे गुरे अडवणार नाही, नुसता खाल्ला जाणार नाही.

याच टॅनिनपायी दक्षिणेत तरवडाच्या सालीवर कातडी कमावण्याचा मोठा धंदा उभा राहिला होता. सालीच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के टॅनिन मिळते. इंग्रजीतले त्याचे जुने व्यापारी नावही कातडी कमावणाऱ्यांवरूनच पडले. पुढे वॅटल नावाच्या ऑस्ट्रेलियन बाभळीची साल आली आणि तरवडाची साल मागे पडली. साल काढण्यासाठी फांद्या मुळाशी छाटत, आणि खुंटापासून नवे धुमारे फुटत. तरवड छाटणीने मरत नाही, ही माहिती बागेतही उपयोगी आहे.

१४. बी पेरले, उगवत नाही. उगवले तर पावसाळ्यात मेले. काय चुकते?

दोन वेगळ्या अडचणी आहेत. न उगवण्याचे कारण बीचे कठीण कवच. पाणी आत शिरतच नाही. निसर्गात उन्हाने, वाळूच्या घर्षणाने ते हळूहळू झिजते. आपण बी सँडपेपरवर एका बाजूने हलकेच घासायचे, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचे. सकाळी जी फुगली ती पेरायची, न फुगलेली पुन्हा घासायची.

मरण्याचे कारण जवळजवळ नेहमी पाणी. आपण रोपाला माया लावतो, म्हणजे रोज पाणी घालतो. तरवडाला ते मानवत नाही. काळी माती असेल तर निम्मी वाळू-मुरूम मिसळा, खड्ड्याऐवजी उंचवट्यावर लावा, जून-जुलैत पावसाच्या भरवशावर रुजू द्या आणि मूळ धरल्यावर पाणी विसरा. कुंडीत जगतो, पण मुळे खोल जाणारी असल्याने तिथे तो रुसलेलाच दिसतो. फ्लॅटच्या बाल्कनीसाठी मी तरी सुचवणार नाही. नर्सरीतून मोठे रोप आणून लावण्यापेक्षा जागेवरच बी पेरलेले बरे.

१५. पानांवर हिरव्या अळ्या आहेत. औषध फवारू का?

नको. त्या बहुधा फिकट पिवळ्या-हिरवट ‘एमिग्रंट’ फुलपाखरांच्या किंवा छोट्या पिवळ्या ‘ग्रास यलो’च्या अळ्या असतात. त्यांचे जेवणच हे. झुडूप पुन्हा पालवते. पानांवर मुंग्या दिसल्या तर त्याही तशाच राहू द्या. तिसऱ्या प्रश्नात सांगितलेल्या ग्रंथींमधला गोड रस घ्यायला त्या येतात आणि येता-जाता पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणजे गोड रस फुलात नाही, पानात आहे!

१६. गांधीच्या (जडीबुटी विकणाऱ्याच्या) दुकानात ‘मींढी आवळ’ मिळते. तीच ही का? मधुमेहावर घेऊ का?

ती ही नव्हे. मींढी आवळ म्हणजे सोनामुखी, सेना वंशातलीच दुसरी वनस्पती, आणि ती रेचक आहे. आवळीची फुले आणायला गेलेला माणूस सोनामुखी घेऊन आला तर पुढचा दिवस त्याला लक्षात राहतो. उलटही घडते: तरवडाची पाने सोनामुखीत मिसळली जातात आणि व्यापारात ती भेसळ म्हणून ओळखली जाते, कारण सोनामुखीचा गुण त्यांत नाही.

मधुमेहाबद्दल: तरवडाच्या फुलांचा काढा त्यासाठी परंपरेने घेतात आणि प्राण्यांवर प्रयोगही झाले आहेत. पण तुमच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर सोबत काढा घेतल्याने साखर जास्त खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. वनस्पती ओळखणारा माणूस औषधाचा सल्लागार नसतो, त्यामुळे मात्रा मला विचारू नका.

१७. घटाच्या माळेला आवळीची फुले चालतील का? कुठून तोडावीत?

चालतील. गावाकडे घटावर तरवडाची माळ घालतात ती याच फुलांची. सकाळी लवकर, कळ्यांसकट तुरे घ्या, सुटी फुले दुपारपर्यंत मलूल होतात. एका झुडपाचे सगळे तुरे नेऊ नका. शेताच्या बांधावर मालकाला विचारा. जांबुघोडा अभयारण्यातून मात्र काहीही तोडता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला मनाई आहे.

१८. संध्याकाळी पाने मिटलेली दिसतात. पाणी कमी पडते का?

नाही. रात्री पर्णिका खाली झुकून मिटतात, चिंच-टाकळ्यासारख्याच. सकाळी उघडतात. भर दुपारीही मिटलेल्या असतील तर मात्र माती तपासा, आणि कोरडी आहे की चिखल आहे ते बघूनच ठरवा. बहुतेक वेळा चिखल निघतो.

१९. शेंगा भरपूर लागल्या, पण बहुतेक बियांना भोके. बी जपून कसे ठेवायचे?

कडधान्याला भोके पाडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या भाऊबंदांचे हे काम. शेंग कोवळी असताना मादी वर अंडी घालते, अळी बीच्या आत वाढते आणि भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. शेंगा तपकिरी होऊन कागदासारख्या खुळखुळू लागल्या की लगेच काढा, झाडावर वाळत ठेवू नका. दोन दिवस ऊन द्या, बिया सोडवा. एका शेंगेत डझन ते वीस बिया असतात. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेका, बुडालेल्या पुन्हा पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासोबत ठेवा. आठवड्याभराने बाटलीच्या तळाशी पीठ दिसले तर आत अजून कोणीतरी आहे, ती बाटली बाकीच्यांपासून वेगळी काढा.